जड नावाचा कॉम्प्युटर

मंगळवार, ३ सप्टेंबर

मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. २५ तारखेपासून जुन्या सिस्टिमवर चालणाऱ्या कुठल्याही ज्वालामुखी निरीक्षण ठाण्याची माहिती त्यांचा सर्व्हर घेणार नाही. नवी सिस्टिम पेनड्राइव्हवर सोबत पाठवली आहे. अपग्रेड करायचं, की ठाणं बंद ठेवून नव्या यंत्राची वाट बघायची, हे म्हणे आम्ही ‘आपल्या स्तरावर’ ठरवावं. आमचा स्तर म्हणजे कोण, तर मी आणि माझे वरिष्ठ पाक वागिमिन; ‘पाक’ म्हणजे आमच्या जावात ‘काका’. तिसरी भिंतीवरची पाल, पण ती निदान विचारल्यावर चुकचुकते तरी. पाक वागिमिननी पत्र मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं, ‘हं’ म्हणाले आणि चहा करायला गेले.

नवं यंत्र कधी येणार ते विचारायला पाण्याच्या टाकीवर चढून फोन केला, कारण ठाण्यातल्या फोनवर बाहेरचे फोन येतात पण इथून लागत नाहीत, आणि मोबाइलला रेंज तिथेच येते. मुख्य कार्यालयात आमच्या ठाण्याचं सगळं पाक तेगुह बघतात. ते म्हणाले, येत्या वर्षात. कुठल्या वर्षात, ते काही बोलले नाहीत.

गुरुवार, ५ सप्टेंबर

आज रातूचं पोट उघडलं. रातू म्हणजे राजा. हे आमच्या कॉम्प्युटरचं नाव, सोळा वर्षांपूर्वी तो डोंगरावर आला तेव्हा पाक वागिमिननी ठेवलेलं. जो परदेशी शास्त्रज्ञ तो बसवायला आला होता त्याने ते हौसेने यंत्राच्या आतही टाइप करून ठेवलं. डोंगरात पुरलेल्या चार भूकंपमापकांचे धक्के पडद्यावर उमटवणारा प्रोग्रामही त्याच माणसाचा. मग तो आपल्या देशाला गेला, आणि आता तो जिवंत आहे की नाही हेसुद्धा कुणाला माहीत नाही. म्हणजे नव्या सिस्टिमवर त्याचा प्रोग्राम चालेल का, हे सांगू शकेल असा माणूस सापडणं कठीणच.

झाकण काढलं आणि बघतच राहिले. आत राख होती. करडी, मऊ, तांदळाच्या पिठाइतकी बारीक. बारा वर्षांपूर्वीच्या उद्रेकात खिडक्यांच्या फटींतून शिरली असणार. मी योग्याकार्तात तीन वर्षं कॉम्प्युटर शिकले, ढिगाने कॉम्प्युटर उघडले, पण कुणाच्या पोटात डोंगर सापडला नव्हता. आणि एवढं पोटात घेऊन हा गडी एक दिवस बंद पडलेला नाही! ब्रश मारायचं अगदी जिवावर आलं.

एक भानगड मात्र झाली. हा प्रोग्राम प्रत्येक धक्क्याला ‘टिक’ करतो. लहान धक्क्याला बारीक, मोठ्याला ठसठशीत. ऐकून माझं डोकं उठतं, म्हणून साफसफाई झाल्यावर मी आवाज बंद करून टाकला. अर्ध्या तासाने पाक वागिमिन आत आले, खुर्चीवर बसले, जरा वेळाने विचारलं, बंद कधी पडला? समोर पडदा ढळढळीत चालू, चार रेषा सरकतायत! मी म्हटलं, फक्त आवाज घालवलाय. तर असे भडकले माझ्यावर की चौदा महिन्यांत कधी भडकले नव्हते. मी निमूटपणे आवाज परत लावला. पुढच्या जूनमध्ये निवृत्त होतायत, त्याचाच चिडचिडेपणा असेल.

रविवार, ८ सप्टेंबर

ठरत नाही. नुसतं ‘चालतंय त्याला हात कशाला’ म्हणून बसलो, तर २५ तारखेला आमची लाइन तुटेल. हात लावला आणि प्रोग्राम चालला नाही, तर आजच तुटेल. मी जुन्या डिस्कची नक्कल करून ठेवली आहे, दोन दिवस लागले. पण ती नक्कल धड उतरलीय का, हे ती लावून बघितल्याशिवाय कळणार नाही.

दुपारी बू कारसिह वरून शेंगदाण्याची पोतडी घेऊन आल्या. ‘बू’ म्हणजे बाई. त्या दुवुरसारीच्या गावप्रमुख. आमच्या वर शेवटचं गाव तेच, मुखापासून जेमतेम चार किलोमीटर. अर्धं अंगण चालून आल्या तरी पाक वागिमिनचं लक्ष नाही. हाक मारल्यावर एकदम हसले. हल्ली फार विचारात असतात.

मी बू कारसिहना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, की तुमची लाइन तुटली तर माझ्या लोकांना खाली न्यायला ट्रक कुणाच्या सांगण्यावरून येणार?  धोक्याची पातळी मुख्य कार्यालय जाहीर करतं, ती चौथी, म्हणजे सर्वांत वरची, झाली की जिल्ह्याचे ट्रक सुटतात. आम्ही इथून कितीही बोंबललो तरी आकड्यांशिवाय एक ट्रक हलत नाही. रोजचा लेखी अहवालसुद्धा जातो तो रातूमधूनच. दुवुरसारीत सहाशे बारा माणसं आहेत, आणि ती एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरच्या भरवशावर झोपतात. हे आजवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पाक वागिमिनचं मत अजून ‘नको’.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

सकाळी नऊला सुरू झालं. एरवी दिवसाला चार-पाच धक्के. आज दुपारी तीनपर्यंत अडतीस, सगळे उथळ, सगळे मुखाच्या खाली. मी पडद्यासमोरून उठलेच नाही. एकेक रेषा सरळ चाललेली असायची आणि मधेच थरथरून उभी राहायची. पुस्तकात हे हजार वेळा पाहिलं होतं. पण पुस्तकातला डोंगर तुमच्या खिडकीत नसतो. मी मान वर केली तर आमचा डोंगर, गुनुंग प्रिंग्गो, समोर तसाच, निळा, स्वच्छ, साधी धुराची रेघ नाही. बाहेरून एवढा शांत आणि आतून एवढं काय काय चाललेलं! माझ्या हातावर काटा आला तो संध्याकाळपर्यंत गेला नाही.

पाक वागिमिन रातूशेजारी डोळे मिटून बसले होते. मला वाटलं पेंगतायत. तीन वाजता मी विचारलं, किती म्हणाल? म्हणाले, अडतीस, त्यातले नऊ मोठे. मी मोजून पाहिले. नऊ मोठे होते. या माणसाला डोंगर अंगात कळतो असं लोक म्हणतात, ते उगाच नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर

काल मध्यरात्रीपर्यंत एकावन्न झाले. सकाळी सातलाच पाक तेगुहचा फोन, बघतोय म्हणाले. दुपारी दुसरी पातळी जाहीर. वरच्या गावात कुणी घाबरलेलं नाही. तिकडे म्हणतात, सिंबाहच्या घरी कार्य निघालंय. डोंगराला ते सिंबाह, म्हणजे आजोबाच म्हणतात, आणि आजोबांच्या घरचं कार्य म्हणजे उद्रेक, हे लहान पोरांनाही माहीत असतं.

रविवार, १५ सप्टेंबर

आता खरी पंचाईत. २५ पर्यंत थांबावं, तर तोवर सिंबाह कुठल्या थराला गेलेले असतील कोण जाणे, आणि नेमकं तेव्हा आम्हाला यंत्र बंद करून बसावं लागेल. आज करावं, तर निदान आज ते नुसते कुरकुरतायत. मला वाटतं आजच करावं. पण वाटणं वेगळं आणि बटण दाबणं वेगळं. कॉलेजात असताना मी मैत्रिणींचे कॉम्प्युटर नाक वर करून अपग्रेड करून द्यायचे. आता पेनड्राइव्ह उचलते आणि परत ठेवते.

पाक वागिमिनशी वाद घातला, जरा आवाजच चढला माझा. म्हटलं, फार तर ती टिक जाईल, पण तुम्हाला जुन्याची सवय झालीय म्हणून तुम्ही अडून बसलाय.

सोमवार, १६ सप्टेंबर

म्हातारा वळला! का वळला देव जाणे. दुपारी जेवण झाल्यावर रातूजवळ खुर्ची ओढून बसले ते साडेचारपर्यंत. काही बघत नव्हते, काही लिहीत नव्हते. रेडिओवर आवडता कार्यक्रम लागावा तसे कान देऊन बसले होते. मग उठले, भिंतीला हात लावत दारापर्यंत आले आणि म्हणाले, “घाल न्दुक, नवी घाल. उद्या मंगळवार क्लिवोन आहे, दिवस चांगला आहे.” क्लिवोन हा आमच्या पाच दिवसांच्या जावानी आठवड्यातला एक वार. मला ते न्दुक म्हणजे पोरी म्हणतात, पण एवढ्या हळू कधी म्हणाले नव्हते. मी इतकी खूश झाले की कारण विचारायचं राहूनच गेलं.

मंगळवार, १७ सप्टेंबर

झालं! चालला!

पण क्रमाने लिहिते. सकाळी बू कारसिह दोन वाडगी घेऊन हजर, एकात गुळाची लाल खीर, एकात पांढरी. म्हणाल्या, रातूला मोठं दुखणं काढायचंय ना, मग आधी नाव बदला. आमच्यात पोर सारखं आजारी पडायला लागलं की नाव जड झालं म्हणतात, खीर करून हलकं नाव ठेवतात. माझ्या आत्तेभावाचं असंच बदललं होतं. आणि इथे तर नावच राजा! सोळा वर्षं त्या बिचाऱ्याने ते कसं पेललं! पाक वागिमिननी नवं नाव सुचवलं, वारास. म्हणजे खडखडीत बरा.

खीर कॉम्प्युटरपुढे ठेवली, पाक वागिमिननी दुआ म्हटली, आणि अपग्रेडसाठी ठाणं बंद करतोय असं मुख्य कार्यालयाला कळवून नऊ वाजता मी पेनड्राइव्ह लावला. पुढचे पाच तास मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मधे पडदा काळा झाला आणि अकरा मिनिटं तसाच राहिला. त्या अकरा मिनिटांत माझी आयुष्यातली सगळी पापं आठवून झाली. दोन वाजता त्या परदेशी माणसाचा प्रोग्राम उघडला, आणि चारी रेषा एकामागून एक येऊन सरकायला लागल्या. मी चक्क खाली बसले. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, त्याने सोळा वर्षांपूर्वी लिहिलेल्या ओळी एका नव्या जगात जाग्या झाल्या आणि काही झालंच नाही अशा कामाला लागल्या. पाया पडावंसं वाटलं त्याच्या.

फक्त टिक गेली. आवाजाचा तेवढा भाग नव्या सिस्टिमला कळत नाही. मी म्हटलं, एवढ्यावर सुटलो. पाक वागिमिन म्हणाले, “हो. एवढ्यावर सुटलो.”

खीर खाताना बू कारसिहनी विचारलं, नाव खरंच बदललं, की नुसतं तोंडाने? मला हसू आलं, पण त्यांचंही बरोबर होतं. नुसतं तोंडाने बदलून काय उपयोग? मी लगेच आत जाऊन सेटिंगमधलं रातू पुसलं आणि वारास टाइप केलं. आता कसं, अगदी रीतसर झालं.

बुधवार, १८ सप्टेंबर

चौऱ्याहत्तर धक्के. आणि काय दिसतंय नव्या पडद्यावर! जुन्यात नुसत्या काळ्या रेघा होत्या. नव्यात तेच कंप रंगांत दाखवता येतात, हे मला आज खटपट करताना सापडलं. तळाशी एक नारिंगी पट्टा आहे, तो अजिबात थांबत नाही. धक्के येतात जातात, पट्टा आहेच. खाली काहीतरी सतत वाहतंय. कॉफी गार झाली तरी बघत बसले. माझ्यापासून सात किलोमीटरवर, मुखाच्या खाली, एक नदी वर चढतेय, आणि मला ती दिसतेय.

पाक वागिमिनना बोलावलं, बघा म्हटलं. आले, बघितलं, छान आहे म्हणाले, गेले. दिवसभर बाहेरच होते, वरच्या झऱ्यावरून ठाण्याला येणाऱ्या लोखंडी नळाला टेकून. नव्या यंत्राचं तोंड बघायचं नाही असं ठरवलेलं दिसतंय. जरा रागच आला मला.

मुख्य कार्यालय शांत आहे. म्हणजे सगळं नीट पोचतंय.

गुरुवार, १९ सप्टेंबर



सकाळी नऊला पाक वागिमिन नळापाशी बसले होते, कान नळाला लावून. मला हाक मारली. म्हणाले, नळ गुणगुणतोय, कालपर्यंत थांबून थांबून गुणगुणत होता, आता थांबतच नाही. मी म्हटलं, पडद्यावरही तेच आहे, सकाळपासून शंभरावर गेलेत. तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले, “मग तेगुहचा फोन का नाही? तीस वर्षं ओळखतो मी त्या कार्यालयाला. एकावन्न धक्क्यांना सकाळी सातला उठवतात आणि शंभरांना गप्प बसतात? चढ टाकीवर.”

चढले. पाक तेगुह म्हणाले, तुमचं ठाणं तर मंगळवारपासून बंद आहे ना, अपग्रेडसाठी? आम्ही वाटच बघतोय.  त्रेचाळीस तास मी एक जळता डोंगर बघत बसले होते, आणि तो माझ्याशिवाय कुणालाही दिसत नव्हता. त्यांनी सर्व्हर तपासला. मग म्हणाले, वारास नावाचा कुणीतरी सारखा दार ठोठावतोय, आमच्या यादीत तो नाही, म्हणून सर्व्हर त्याला हाकलतोय. हा कोण?

मी. मीच. तीन वर्षं शिकून आलेली मी. यंत्राचं नाव हाच त्याचा ओळखीचा कागद असतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगता येतं. पण खीर पुढ्यात होती, दुआ झाली होती, आणि नाव अर्धवट बदललेलं मला बरं वाटेना. मी खालच्या आवाजात सगळं कबूल केलं. आता काय ऐकायला लागतंय म्हणून डोळे मिटले.  पाक तेगुह क्लातेनचे, म्हणजे आमच्यातलेच. मग त्यांनी हळूच विचारलं, “नाव जड झालं होतं का?”

मी हो म्हटलं. त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही. चार मिनिटांत वारासचं नाव यादीत चढलं, आणि त्रेचाळीस तासांचा डोंगर एकदम त्यांच्या पडद्यावर जाऊन पडला. फोन चालूच होता. पलीकडे खोलीत कुणीतरी ‘या अल्ला’ म्हणालेलं मला ऐकू आलं.

साडेदहाला चौथी पातळी. दीडला पहिला ट्रक आमच्या फाटकावरून वर गेला. बू कारसिह प्रत्येक ट्रकच्या मागे उभ्या राहून माणसं मोजत होत्या. पाच वाजता शेवटच्या ट्रकमध्ये आम्ही दोघंही चढलो, कारण आता ठाणंही धोक्याच्या हद्दीत आलं. वारासला चालू ठेवून आले. पाक वागिमिनना ट्रकची पायरी सापडेना, मी हात दिला. दिवसभर उन्हात बसून थकलेत.

शुक्रवार, २० सप्टेंबर

खालच्या गावातल्या शाळेच्या मैदानावरून लिहितेय. दुवुरसारीचे सहाशे बारा लोक इथे आहेत. बू कारसिहनी पहाटे पुन्हा मोजले.

सहा वाजून दहा मिनिटांनी झालं. आधी आवाज आलाच नाही. मुखावर एक पांढरट गड्डा दिसला, मग तो वर उघडत गेला, उघडतच गेला, आणि आवाज आला तोवर तो डोंगराच्या दुप्पट झाला होता. सहाशे माणसं उभी राहिली. लेकरंसुद्धा रडेनात. मग बायका ‘गुस्ती, गुस्ती’, म्हणजे देवा, देवा, पुटपुटायला लागल्या. मला भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीच्याही आधी दुसरंच काहीतरी वाटलं. आपण केवढे आहोत ते एकदम कळलं, आणि कळल्यावर वाईट नाही वाटलं. मी किती वेळ तशी उभी होते सांगता येत नाही. पाक तेगुहनी नंतर फोनवर सांगितलं की सहा अकराला आमच्या चारही रेषा सपाट झाल्या. वारास तोपर्यंत पाठवत होता.

पाक वागिमिन माझ्या शेजारी उभे होते. त्यांचं तोंड जरा भलतीकडे होतं, शाळेच्या छपराकडे. मला वाटलं, त्यांना बघवत नाहीये. मग ते म्हणाले, “न्दुक, सांग.”

मी विचारलं, काय सांगू?

“कसा दिसतोय तो. मला तीन वर्षांत दिसलेला नाही.”

मी त्यांच्याकडे बघितलं, आणि मला सगळं एकदम कळलं. टिक बंद केली तेव्हा ते का भडकले. अडतीस आणि नऊ त्यांना कसे कळले. सोमवारी साडेचारपर्यंत ते रातूजवळ कशासाठी बसले होते. त्यांच्याकडे तेवढं एकच उरलं होतं, आणि वरच्या सहाशे बारा माणसांसाठी ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने ‘घाल’ म्हणून देऊन टाकलं. आणि मी इथे काय लिहिलं? म्हातारा वळला. चौदा महिने मी सात किलोमीटरवरचा डोंगर डोळ्यांत तेल घालून बघितला आणि हाताच्या अंतरावरचा माणूस बघितला नाही. लाज वाटते. लाज वाटते हे लिहून ठेवते.

मला रडू फुटलं. ते म्हणाले, रडशील मग, आधी उंची सांग. मी त्यांच्या कोपराला धरून त्यांना डोंगराकडे वळवलं. म्हटलं, आठ किलोमीटर तरी असेल, अजून चढतोय. बुडाशी करडा आहे.

“कुठे कलतोय?”

“पूर्वेला.”

“म्हणजे दुवुरसारीवर.”

“हो. गाव दिसत नाही आता.”

“गावात कोण आहे?”

“कुणी नाही, पाक. सगळे इथे आहेत.”

त्यांनी मान हलवली.  मग म्हणाले, “आता रंग सांग.”

मी सांगितलं. डावीकडून ऊन आलंय, तेवढी कड पिकल्या पपईसारखी झालीय. मधे काळा, कडेला दुधाळ, आणि आत वीज चमकतेय, मधूनमधून, जांभळी. ते ऐकत होते. मी थांबले की ‘मग?’ म्हणायचे. मी साडेसातपर्यंत सांगत होते.